फुकट कीबोर्डचा टॅब

रेवदंड्याच्या बाजारात सुकी मच्छी विकणाऱ्या नलूला मोबाईलवाल्याने खोका उघडून दाखवला. टॅब, कव्हर, कीबोर्ड आणि हेडफोन, सगळं मिळून साध्या फोनपेक्षाही स्वस्त. तिच्यासोबत आलेल्या भाचीला, रचनाला, लगेच संशय आला.

"आत्ये, एवढं सगळं कोण फुकट देतंय? कंपनीचं नावपण कधी ऐकलं न्हाय."

रचनाने टॅब चालवून पाहिला. साधा गेम उघडताना तो अडकला. कीबोर्डची बटणं दाबली तरी अक्षरं उमटेनात. गाणं लावलं, तर पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज.

"भंगार हाय हे. चल."

"थांब," नलू म्हणाली. "आधी आमच्या निकेशला व्हिडिओ कॉल लाव."

निकेश तिचा मुलगा, कामासाठी उरणला राहायचा. दुकानाच्या वायफायवर कॉल लागला.

"बोला काकू, आवाज तपासा," मोबाईलवाला म्हणाला.

नलूने टॅब कव्हरवर टेकवून उभा केला आणि दोन्ही हात मोकळे करून बोटांनी विचारलं, "जेवलास?"

पडद्यावर निकेशचे हात भराभर हलू लागले. नलू टक लावून पाहत राहिली, मग एकदम खळखळून हसली.

"हाच दे," डोळे पुसत ती मोबाईलवाल्याला म्हणाली.

"माझ्या लेकाला जन्मापासून ऐकू येत न्हाय. बारक्या फोनवर त्याचं अर्धंच बोलणं दिसायचं, आज सगळं दिसलं."