पायाळू

हनुमानच्या मोबाइलवर इशारा वाजला तेव्हा धारूरच्या घाटावर आभाळ काळंनिळं झालं होतं. "विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा, बीड जिल्हा," त्याने मोठ्यांदा वाचलं. आंबे उतरवणारे सगळे पाट्या टाकून पत्र्याच्या शेडमध्ये शिरले. बागेचे मालक सुंदरराव सगळ्यांच्या आधी शिरले होते.

भिवराबाई मात्र सकाळपासूनच तिथे बसून होती. ती गावाची म्हातारी सुईण. सून वनमाला पोटासाठी या बागेत राबायची, पण म्हातारीने वर्षभर इकडे पाऊल टाकलं नव्हतं. काल भोंग्यावर हवामानाचा अंदाज सांगितला, तो तिने सुनेला पुन्हा पुन्हा विचारून घेतला आणि आज मागोमाग आली.

गेल्या वैशाखात असाच इशारा आला होता. याच शेडमधून सुंदररावांनी तिच्या लेकाला, सुग्रीवला, बाहेर काढलं. का, तर तो पायाळू. पायांकडून जन्मलेल्याला वीज हुडकत येते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वीज आंब्यावर पडली आणि सुग्रीव त्याच आंब्याखाली उभा होता. "बघा, खरं निघालं का न्हाई?" असं सुंदरराव तेराव्याच्या पंगतीत म्हणाले होते. ते वाक्य भिवराबाईने जपून ठेवलं होतं.

त्याआधी याच गावाला सुग्रीवचे पाय हवे असायचे. कुणाला उसण भरली की पायाळूची लाथ पाहिजे. लहानपणापासून तो लाथा मारत आला आणि लोक भाकरी, ज्वारी देत आले. तो पायाळू असल्याचं भिवराबाईनेच सांगितलं होतं, आणि सुईणीच्या शब्दापुढे कोण बोलणार? सुंदररावांनीही त्याच्याकडून कंबर मोकळी करून घेतली होती. गरज सरो, वैद्य मरो.

पहिला ढग गडगडला.

"सुंदरा," भिवराबाई म्हणाली, "तू बाहीर जा."

"काय म्हणलीस, माय?"

"तू पायाळू हाईस. ह्याच हातांनी वढलंय तुला, पाय धरून."

सुंदरराव हसले. "कायबी बोलू नगं. आमची माय मला कधी बोलली न्हाई."

"तुझ्या मायनं, छबुबाईनंच, मला आण घातलती. मालकाच्या पोराला गाव लाथा मारायला बोलवंल म्हनून. ती गेली, आण फिटली. ढग वाजला की ती तुला घोंगडीखाली झाकायची. आठव की. कावून झाकत व्हती?"

सुंदररावांचा चेहरा उतरला. घोंगडी त्यांना आठवली. ढग वाजल्यावर लेकराला झाकत नाही अशी आई कुठल्या गावात असते, हे त्या शेडमध्ये कुणाच्याही मनात आलं नाही.

तेवढ्यात जवळच वीज पडली. पत्रा थरथरला. माणसं सुंदररावांपासून सरकली. मालकाच्या हुकमावरून सुग्रीवला बाहेर ढकलणारा हनुमानच होता. आताही दार त्यानेच उघडलं.

"मालक, रीत तुमचीच हाय."

"माझं मीठ खातोस बे, हनुमान."

"लेकरं हायत मला," हनुमान म्हणाला, आणि चार-पाच जणांनी मिळून त्यांना बाहेर लोटलं.

थोडा वेळ पत्र्यावर बुक्क्या ऐकू आल्या. "भिवरामाय, सांग त्यांना," असा आवाजही आला. भिवराबाई पदर आवळून बसून राहिली. तिला बरं वाटत होतं. मग पावलं आंब्यांकडे पळाली. डोळे दिपले, कानठळ्या बसल्या, आणि त्यानंतर दार कुणी वाजवलं नाही.

"पायाळूच व्हते की," हनुमान हळूच म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

वनमाला सासूच्या कानाशी आली. "आत्या, खरंच मालकाचे पाय आलते का आधी?"

भिवराबाईने बंद दाराकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डोकंच आलतं आधी," ती म्हणाली. "त्याचंबी. अन् आपल्या सुग्रीवचंबी."