खंडेनवमीचा फोन

खंडेनवमीला आमच्या चाकणच्या मोबाईल कंपनीत जो तो आपलं हत्यार पूजेला मांडतो. कॅन्टीनवाले झारा मांडतात, ड्रायव्हर गाडीची किल्ली, आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले स्वतः घडवलेल्या सिस्टिमवर चालणारा फोन.

यंदा आमच्या टीमच्या मिनलने तो मांडला, तर कंपनीचे प्रमुख शेखरसाहेब यांनी झेंडूच्या फुलासकट उचलून बाजूला ठेवला.

"हे भंगार कशाला पुजायचं? दिवाळीपासून आपल्या फोनमध्ये पार्टनर कंपनीचं सॉफ्टवेअर."

"मग आमच्या डिपार्टमेंटचं काय, सर?"

"तुमचं बघू नंतर. आधी कंपनी वाचू दे. त्यांच्या सॉफ्टवेअरवर जग चालतंय, मॅडम."

मीटिंगमध्ये प्रोजेक्टर जोडायलासुद्धा ज्याला माणूस लागतो, तो मिनलला जग कशावर चालतं ते शिकवत होता. आमच्या फोनचा खप पार तळाला गेला, पण साहेबांची ऐट काही खाली आली नाही.

पार्टनर कंपनीचा बडा अधिकारी पूजेला खास बेंगळुरूहून आला होता. त्यांचं सॉफ्टवेअर घालून त्याने आणलेल्या आमच्या नव्या फोनचं सील साहेबांनी स्वतःच्या हाताने फोडलं, फोन चौरंगावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कारही केला. मागोमाग सगळे मॅनेजर वाकले. पाहुणा भलताच खूश झाला. बायकोला दाखवायला फोटो हवा म्हणून त्याने खिशातून रोजचा फोन काढला.



तो आमच्या कंपनीचा नव्हता, आणि त्यात त्यांचं सॉफ्टवेअरही नव्हतं.