तोंडदेखलं

१९८४ साली शिकागोत मालिनीच्या खालच्या मजल्यावर लिंडनरबाई नावाच्या एक वृद्ध जर्मन बाई एकट्या राहायच्या. मालिनीने पहिल्यांदा हौसेने पुरणपोळी नेली, तर एक घास खाऊन त्या म्हणाल्या, “फार गोड. पुन्हा आणू नकोस.” मालिनी हिरमुसून घरी आली, तेव्हा तिचा नवरा दिगंबर हसला. “जर्मन आहेत गं त्या. तोंडदेखलं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही.”

तरी मालिनी रोज दुपारी त्यांच्याकडे कॉफीला जायची. त्या परक्या मुलखात तिला हक्काचं असं तेवढंच एक दार होतं. उठताना सवयीने म्हणायची, “येते हं.” एकदा बाईंनी त्याचा अर्थ विचारला आणि त्या कडाडल्याच, “जातेस आणि येते म्हणतेस? हे खोटं झालं!”

“आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. गेलेलं माणूस परत यावं म्हणून.”

“यायचं असेल तर येईलच. त्यासाठी खोटं कशाला?”

थंडीत बाईंचा आजार बळावला. “आता हॉस्पिटलात गेले की परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले,” हेही त्यांनी कॉफी ओतता ओतता सरळ सांगून टाकलं. मालिनीचे डोळे भरले, तर तिलाच दटावलं.

ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर दारातून बाहेर निघालं. मालिनी त्याच्या बाजूने चालू लागली.

बाईंनी नाकावरचा मास्क बाजूला केला, तिचा हात धरला आणि तिच्याच भाषेत म्हणाल्या, “येते हं.”