कॉफीवरचा पहारा

क्षिप्राला दिवस गेले, तशी अंकुरनं तिला नोकरी सोडायला लावली आणि गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये तिच्या कॉफीवर पहारा बसवला. तिला फक्त कॅफिन काढलेली कॉफी प्यायची मुभा होती; रोज तो तिच्या कपात कागदाची पट्टी बुडवायचा. कॅफिन असलं की पट्टी लाल! ही पट्टी लॅबमध्ये क्षिप्रानंच शोधलेली, निरोपाला तिला डबाभर मिळालेली. काळी कॉफी एकदा पकडली गेली, तेव्हापासून ती कॉफीत भरपूर दूध घालू लागली. पट्टी पांढरीच राहायची.

आज पट्ट्या संपल्या.

“यार, तुला घरी बनवता येतील?” अंकुरनं विचारलं.

कित्येक महिन्यांनी कुणीतरी तिला तिच्या कामाचं विचारत होतं.

“बिल्कुल! आणि नव्या पट्ट्या दुधालाही फसणार नाहीत,” ती हरखून बोलून गेली.

अंकुरनं तिच्या हातातल्या कपाकडे पाहिलं.