वामीचे डोळे

"पुन्हा वाडगं तसंच?" क्लारिडा आईवर वैतागली. "ओढ्यातली तुझी ती म्हातारी वामही तशीच. मी टाकलेल्या डब्यातल्या माशाला तोंड लावत नाही. दोघींची नाटकं सारखीच! आजारी असणार ती."

चटईवरून आईनं विचारलं, "डोळे मोठे झालेत तिचे?"

"हो, एवढे कधीच नव्हते."

"मग अंडी घालायला समुद्राकडे निघालीय. आता परत नाही यायची, तिची पिल्लं येतील. आपलं कूळ वामीचं, आपल्यातलीच आहे ती, अडवू नकोस. धुण्यासाठी घातलेला बांध काढ."

क्लारिडानं ओढ्यात उतरून बांधाचे दगड बाजूला केले.

घरी आली तेव्हा आईच्या सुकलेल्या चेहऱ्यात डोळेच तेवढे मोठे दिसत होते.

पोन्पेई बेटावरून मनीलाच्या इस्पितळात न्यायला भरलेली आईची बॅग तिनं उघडली आणि एकेक कपडा पुन्हा फळीवर ठेवला.