किल्ल्या

दिनकररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मोबाइलवरची रेघ थोडी वर सरकवली.

शालनच्या कानामागच्या, मोबाइलवरून चालणाऱ्या डाळीएवढ्या यंत्रानं तिचा बायपोलर आजार कित्येक वर्षं आवरून धरला होता. मन ना उधाणायचं, ना खचायचं. पण सत्तरीनंतर तिची स्मृती विरत गेली. मन जरा चढू दिलं की ती तेवढ्यापुरती परत येते, हे कळल्यावर डॉक्टरांनी महिन्यातून एक तास परवानगी दिली होती.

थोड्या वेळानं शालन खुर्चीत ताठ बसली.

"अहो, नटूनथटून कुठं निघालात?"

"कुठं नाही. तुझ्याशी बोलायला बसलोय."

ती भराभर बोलू लागली. लेकीचं बाळंतपण, मिरजेचं घर, आजाराच्या भरात कपाट उघडून गल्लीभर वाटून टाकलेल्या साड्या. दोघंही हसली. मग तिची नजर टेबलावर गेली.

"मला चढायला लागलं की तुम्ही आधी किल्ल्या लपवायचात."

"आता कशाला लपवू?"

तिनं जुडगा उचलला. "म्हणजे मी अशी असते तरी किती वेळ?"

त्यांनी खरं सांगितलं. "महिन्यातून तासभर."

जुडगा त्यांच्या हातात कोंबत ती म्हणाली, "मग लपवा. तेवढा तास तरी मला घाबरा."

दिनकरराव जुडगा घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"तांदळाच्या डब्यात ना?" बाहेरून तिचा आवाज आला. "मला तेव्हाही ठाऊक असायचं."