दत्तोबा विरुद्ध नात

नवऱ्याच्या बढाया ऐकून बाळाक्काचे कान किटले होते. शाळेत असताना म्हणे कुस्तीत दत्तोबांपुढे कुणी टिकत नव्हतं. यंदाची शालेय विजेती, त्यांचीच नात संयोगिता, तर घटकेत चीत झाली असती.

म्हणून तिच्या सांगण्यावरून तालमीतल्या सरावाच्या यंत्रानं जुन्या चित्रफितींवरून सोळा वर्षांचे दत्तोबा, कोवळ्या मिसरुडासकट, आखाड्यात उभे केले. नातीनं सलामीला हात पुढे केला, तसा तो पोरगा मागे सरला.

"पोरींशी नाही खेळत मी."

संयोगिताचा चेहरा उतरला. ऐंशीचे दत्तोबा काठी टाकून ओरडले, "लढ गाढवा, नात आहे तुझी!"

तो लढला, आणि तिच्या ढाक डावानं पाठीवर आपटला. दत्तोबांनी आनंदानं शड्डू ठोकला.

बाळाक्का हसू दाबत म्हणाली, "अहो, नात तुमच्या दुप्पट भारी. आणि त्या सोळा वर्षांच्या दीडशहाण्यापेक्षा तुम्ही म्हातारेच बरे!"